ग्रामसभेची भाषा कोणती?

गेल्या २५ जानेवारीला आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय मतदार दिन साजरा झाला. सभागृह भरले होते. आपण सर्वांनी उभे राहून शपथ घेतली आणि मग पाहुण्यांचे भाषण झाले. भाषण तळमळीचे होते. त्यात पाहुणे म्हणाले की आपला आदिवासी बांधव लोकशाहीबद्दल उदासीन आहे, आणि त्याच्यात जागृती करण्याचे काम आता तुम्हा तरुणांचे आहे. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वसतिगृहावर परत येताना मात्र तो 'उदासीन' शब्द काही केल्या मनातून जाईना. कारण ज्या बांधवाविषयी पाहुणे बोलत होते तो माझा बाप होता, माझी आजी होती. आणि ती दोघे उदासीन आहेत असे मला कधीच वाटलेले नाही.

आधी मतदानाचेच पाहू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. त्याच दिवशी नागपूरच्या मतदारसंघात ते ५५ टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. आपल्या भागात मतदान केंद्र गाठायला कित्येकांना नाले ओलांडून काही कोस चालावे लागते आणि भीतीचे सावटही वर्षानुवर्षे राहिलेले आहे. नागपुरात केंद्र गल्लीच्या तोंडाशी असते. मग उदासीन कोणाला म्हणायचे? मतदारसंघातले सगळेच मतदार काही आदिवासी नाहीत, हे मला मान्य आहे. पण दुर्गम गावांतल्या रांगा मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आजी सकाळी भाकर बांधून घेऊन निघाली होती.

तेव्हा मत देण्यात आमची माणसे मागे नाहीत. मागे आहेत ती मत मांडण्यात. मत देणे पाच वर्षांतून एका दिवसाचे काम, आणि मत मांडणे वर्षभराचे. या दुसऱ्या कामातच लोकशाहीचा खरा कस लागतो, आणि नेमके तेथेच आमची माणसे गप्प बसतात. ती का गप्प बसतात, एवढाच या लेखाचा विषय आहे. माझे उत्तर थोडक्यात असे की, ज्या सभेत त्यांनी बोलावे अशी आपली अपेक्षा आहे, ती सभा त्यांच्या भाषेत भरतच नाही.

आमच्या गावी संध्याकाळी गोटुलाजवळ बैठक बसते. मोहफुले वेचायला कधी जायचे, तेंदूपत्त्याचा भाव काय मागायचा, कोणता पंडुम कोणत्या दिवशी धरायचा, कोणाची गुरे कोणाच्या धानात शिरली, असे सारे विषय तेथे निघतात. बैठक गोंडीत चालते. माझी आजी त्या बैठकीत पुष्कळ बोलते. एकदा बांबू तोडण्याच्या गोष्टीवरून तिने गावच्या पाटलाला असे अडवले की तो उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन तिचे म्हणणे त्याने कबूल केले. निर्णय व्हायला कधी तीन-तीन रात्री लागतात. पण झालेला निर्णय सर्वांना पाठ असतो, कारण तो सर्वांनी मिळून केलेला असतो.

हीच आजी ग्रामपंचायतीच्या आवारातल्या ग्रामसभेला गेली की शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसते. समोर प्रोसिडिंगचे रजिस्टर उघडले जाते. 'सदरहू कामास शासन निर्णयान्वये मान्यता देण्याबाबत विचारविनिमय करणे' असा काही विषय वाचला जातो. 'कोणाची हरकत आहे का?' असे विचारले जाते. कोणी काही बोलत नाही. मग 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिले जाते आणि अंगठ्याची शाई पुढे येते. आजी अंगठा उठवते आणि लुगड्याला बोट पुसत घरी येते. काय ठरले असे विचारले तर म्हणते, साहेबांनी कागद वाचला.

बाई तीच, गाव तेच, जंगल तेच. पहिल्या ठिकाणी ती नागरिक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती केवळ अंगठा आहे. मधल्या काळात तिची बुद्धी कमी झालेली नाही. फक्त भाषा बदललेली आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. आपल्यापैकी पुष्कळांना, आणि राग मानू नये तर काही प्राध्यापकांनाही, गोंडी ही मराठीचीच एखादी बोली वाटते. तसे नाही. गोंडी ही द्राविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे. तिचे नाते मराठीपेक्षा तेलुगूशी जवळचे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ती बोलणारे २९ लाखांहून अधिक लोक आहेत आणि ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशा असे विखुरलेले आहेत. प्रत्येक राज्याच्या सीमेने या भाषेचा एकेक तुकडा पाडला आणि प्रत्येक राज्यात ती अल्पसंख्य ठरली. मेळघाटातली कोरकू तर याहून वेगळ्या कुळातली, संथाळी-मुंडारीच्या घरातली. नंदुरबारकडे भिली आहे. महाराष्ट्र एकभाषी आहे असे आपण परीक्षेत लिहितो, पण जंगलाच्या कडेला तो तसा नाही.

ग्रामसभेत एक बाई गप्प बसली तर एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. म्हणून ग्रामसभेला आज कायद्याने काय काय दिले आहे ते सांगते. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. तिने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली पेसा कायदा आला. गाव म्हणजे कागदावरची गटग्रामपंचायत असे न मानता, आपला कारभार आपल्या रूढीप्रमाणे चालवणारी वस्ती म्हणजे गाव, हे त्याने मान्य केले आणि गौण वनोपजाची मालकी गावाकडे आणली. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर जंगलावरचा हक्क ठरवण्याची सुरुवातच ग्रामसभेच्या हाती दिली. त्याच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्याहून कमी लोक असून चालत नाही, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे कायद्याला माझ्या आजीची हजेरी हवी आहे. पण आजीने कोणत्या भाषेत बोलावे, आणि तिला सांगितलेले कोणत्या भाषेत सांगावे, याची काळजी व्यवहारात कोणी घेत नाही.

याचा परिणाम काय होतो, ते मी जवळून पाहिले आहे. तो प्रसंग लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तो वगळला तर बाकीचे लिहिण्याला अर्थ राहणार नाही.

मी दहावीत असताना गावाच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी कागद जमवणे चालले होते. या दाव्याला कागदी पुरावेच लागतात असे नाही. गावातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीगतही पुरावा म्हणून चालते, असे नियमांत स्पष्ट म्हटले आहे. न लिहिणाऱ्या समाजाचा यात केवढा मान राखला आहे! गावात सर्वांत वयस्क म्हणून आजीला बोलावले. ती जवळजवळ तासभर बोलली. जुने गाव टेकडीच्या पलीकडे कोठे होते, ते का उठले, तिच्या सासऱ्याने लावलेले आंबे कोणते, मासे कोणत्या डोहात धरायचे आणि कोणता डोह देवाचा म्हणून सोडायचा, पेन कोठे बसतो, पूर्वजांचे दगड कोठे उभे आहेत, हे सारे तिने नावानिशी सांगितले. लिहून घेणारे गृहस्थ बाहेरचे होते. माणूस भला होता, पण त्यांना गोंडी येत नव्हती. एक ओळखीचा मुलगा मधूनमधून मराठीत सांगत होता. तासाभराने कागदावर जे उतरले ते असे होते की, सदर महिलेचे कुटुंब पूर्वीपासून गावात राहत असून जंगलावर उपजीविका करते. दीड ओळ. खाली आजीचा अंगठा.

मी तिच्या शेजारीच बसले होते. मला गोंडी येत होती, मराठी येत होती, लिहिता येत होते. तो कागद मी वाचला होता. आणि मी बोलले नाही.

का बोलले नाही? आश्रमशाळेत पहिल्या वर्षी मी पाणी मागितले ते गोंडीत, तेव्हा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून मी चार लोकांत गोंडी बोलणे सोडले. साहेबांसमोर आजीशी गोंडीत बोलले तर आपणही तिच्याचसारख्या ठरू, अशी भीती माझ्या मनात होती. आठ महिन्यांनी दावा परत आला. त्यावर पुरावा अपुरा असल्याचा शेरा होता. शेरा मारणाऱ्याची तरी काय चूक म्हणावी? त्याच्यापर्यंत दीड ओळच पोहोचली होती. बाकीचा पुरावा माझ्याजवळ होता.

या गोष्टीवर विचार करताना मी आपल्या ग्रंथालयात बसून राज्यघटना वाचली. तेव्हा पहिल्यांदा समजले की घटनाकारांना हा प्रश्न दिसला होता. अनुच्छेद ३५० सांगतो की, कोणत्याही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येईल. त्यात आठव्या अनुसूचीची अट नाही. गोंडी महाराष्ट्रात बोलली जाते, तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणे गोंडीत अर्ज करणे हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. अनुच्छेद २१० प्रमाणे, ज्या सदस्याला राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी विधानसभेचे अध्यक्ष देऊ शकतात. १९५६ साली ३५०-क हा अनुच्छेद आला आणि अल्पभाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, हे राज्यांचे काम ठरले. विधानसभेत आमदाराला मातृभाषेत बोलता येते, मग गावच्या सभेत गावाला का येऊ नये?

घटना समितीत या भाषांची बाजू मांडणारा माणूसही होता. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा हे आदिवासींचे प्रतिनिधी म्हणून समितीत होते. १९४९ साली भाषांची अनुसूची ठरत असताना त्यांनी मुंडारी, गोंडी आणि ओरांव या भाषांचा तीत समावेश करण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. संथाळीला ते स्थान मिळायला २००३ साल उजाडले. अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. त्यांत गोंडी नाही.

आता या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करू. वसतिगृहात मैत्रिणींशी वाद घालताना ते मी सगळे ऐकले आहेत.

पहिला आक्षेप असा की, त्यांनी मराठी शिकावी म्हणजे प्रश्नच मिटला. मराठी शिकायला माझा विरोध नाही. मी ती शिकले म्हणून तर हा लेख लिहू शकते, आणि आता ती माझीही भाषा आहे. माझा आक्षेप 'आधी' या शब्दाला आहे. आधी भाषा शिका, मग बोला, असे नागरिकाला सांगता येते काय? १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशातले बहुसंख्य मतदार निरक्षर होते. आधी अक्षरे शिका मग मत द्या, असे त्या वेळच्या सरकारने म्हटले नाही. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली गेली आणि तिच्यावर चिन्हाचे चित्र लावले गेले. मतदार बदलेपर्यंत न थांबता त्यांनी पेटी बदलली. त्याच निवडणुकीत दुसरीही एक गोष्ट घडली. सुमारे २८ लाख स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितले, म्हणून त्यांची नावे गाळावी लागली. पेटी बदलली तेथे निरक्षर माणूस आत आला. नोंदीच्या रीतीशी लोकांची रीत जुळली नाही, तेथे लाखो बायका बाहेर राहिल्या. दोन्ही धडे एकाच निवडणुकीतले आहेत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. किती भाषांत छापायचे आणि किती दुभाषे नेमायचे, असे विचारतात. इतर देशांनाही ही अडचण आली आहे. अमेरिकेने १९६५ च्या आपल्या मतदान हक्क कायद्यात १९७५ साली दुरुस्ती केली. ज्या भागात एखाद्या अल्पभाषिक गटाची वस्ती ठरावीक प्रमाणाहून जास्त असेल, तेथे मतपत्रिका आणि माहिती त्या भाषेतही देणे बंधनकारक झाले. तेथील मूळ रहिवाशांच्या काही भाषा परंपरेने लिहिल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी कायद्याने छपाई मागितली नाही, तोंडी समजावून सांगण्याची सोय मागितली. आपल्याकडेही, जेथे अल्पभाषिकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून जास्त आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे धोरण फार वर्षांपूर्वी ठरलेले आहे. गोंडीत ठराव वाचून दाखवायला छापखाना लागत नाही. गोंडी येणारे एक माणूस लागते आणि अर्धा तास लागतो.

तिसरा आक्षेप मराठीच्या अभिमानाचा. त्याला उत्तर देताना मला थोडा संकोच होतो, पण देते. आपल्या राज्याचा जन्मच भाषेच्या हक्कातून झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले आणि १ मे १९६० ला राज्य आले. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली. कारभार लोकांच्या भाषेत चालावा, हीच तर तेव्हाची मागणी होती. बेळगावातला मराठी माणूस आजही सरकारी कागद मराठीत मागतो, आणि त्याची बाजू आपल्या सर्वांना न्यायाची वाटते. मग धानोऱ्याचा किंवा एटापल्लीचा गोंड तेच मागतो तेव्हा ते न्यायाचे का वाटू नये? २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्याचा आनंद आपण साजरा केला. ज्या भाषेने आपला हक्क भांडून मिळवला तिने धाकट्या भावंडांचा हक्क ओळखावा, एवढीच अपेक्षा आहे.

शिवाय ज्या मराठीत ग्रामसभेचे कागद लिहिले जातात ती तरी कोणाची मायबोली आहे? माझ्या वर्गातील झाडीबोली बोलणाऱ्या मैत्रिणीच्या आईलाही 'सदरहू' आणि 'अन्वये' कळत नाहीत. फरक एवढाच की ती निदान 'पुन्हा सांगा जी' असे म्हणू शकते. माझ्या आजीला तेही म्हणता येत नाही.

भाषा आपली असली म्हणजे काय होते, याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे जेमतेम शंभर घरांचे गोंड गाव. १९८० नंतर गोदावरी-इंद्रावती खोऱ्यातील मोठ्या धरणांविरुद्ध आंदोलन झाले आणि त्यातून 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा आली. घोषणाच गोंडीत होती हे लक्षात घ्यावे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तेथे अभ्यासगट चालवले. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा अशी रीत पाडली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा होते. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. सर्वसहमती म्हणजे शेवटच्या ओळीतल्या बाईचे म्हणणे ऐकल्याशिवाय पुढे जायचे नाही. ते तिच्या भाषेतच ऐकावे लागते.

ओडिशातील नियमगिरीचे उदाहरणही असेच आहे. तेथील डोंगरावर बॉक्साइटची खाण करावी की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांकडे सोपवला. डोंगरिया कोंध लोकांची भाषा कुवी, गोंडीच्याच कुळातली. बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. खाण हवी की नको यावर मतभेद असू शकतील. पण ज्यांना आपण उदासीन म्हणतो, त्यांना प्रश्न नीट विचारला आणि उत्तर ऐकून घेतले तर ती माणसे किती ठाम बोलतात, हे सर्व देशाने पाहिले.

मग करायचे काय? माझ्या अल्प बुद्धीला तीन गोष्टी सुचतात. पहिली, ज्या गावची भाषा गोंडी, माडिया, कोरकू किंवा भिली आहे तेथे ग्रामसभेची चर्चा त्या भाषेत व्हावी आणि नोंद मराठीत घ्यावी. दुसरी, अंगठा घेण्यापूर्वी लिहिलेला ठराव गावाच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि तसे वाचून दाखवल्याची नोंद त्याच रजिस्टरात करावी. तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आपल्या महाविद्यालयात दोन्ही भाषा येणारी मुले-मुली किती आहेत ते मोजून पाहावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, पथनाट्ये करतो. त्याऐवजी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन दुभाषाचे काम केले तर?

यात एक धोका आहे आणि तो लपवणे बरोबर नाही. दुभाषा हा सहज दलाल होऊ शकतो. आमच्या भागाने असे शिकलेले पुष्कळ पाहिले आहेत, जे साहेबांचे गावाला सांगताना आणि गावाचे साहेबांना सांगताना मधले काहीतरी स्वतःकडे ठेवून घेतात. म्हणून दुभाषाने स्वतःचे मत मधे घालू नये, आणि लिहिलेले पुन्हा बोलणाऱ्यालाच वाचून दाखवावे. त्याने मान डोलावल्याशिवाय कागद पुढे जाऊ नये.

हे मी नुसते सुचवत नाही, एकदा करून पाहिले आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा गावाने दावा पुन्हा पाठवायचे ठरवले होते. मी आजीजवळ वही घेऊन बसले. तिने सांगितले ते आधी गोंडीतच, देवनागरीत लिहिले. मग त्याचे मराठी केले. मग गावातल्या लोकांसमोर ते गोंडीत परत वाचले. आजीने तीन ठिकाणी चूक काढली. एका ओढ्याचे नाव मी चुकवले होते, एक आंब्याचे झाड चुलत सासऱ्याचे होते ते मी सासऱ्याचे लिहिले होते, आणि देवाचा डोह मी मासे धरण्याच्या डोहात घातला होता. या शेवटच्या चुकीवर ती फार रागावली. दोन संध्याकाळ लागल्या. दीड ओळीची अकरा पाने झाली. प्रत्येक पानावर तिने स्वतः मागून शाई घेतली आणि अंगठा उठवला.

दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. लागेल तो कसा लागेल हे माझ्या हाती नाही. पण दावा परत आलाच, तर आजी बोलली नाही किंवा तिचे बोलणे कागदावर उतरले नाही, असे तरी या वेळी कोणाला म्हणता येणार नाही.

पुढच्या २५ जानेवारीला आपल्या सभागृहात पुन्हा शपथ होईल, पुन्हा भाषण होईल. आयोजक प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, त्या दिवशी एक भाषण गोंडीत ठेवावे आणि त्याचे मराठी भाषांतर शेजारी उभे राहून कोणीतरी सांगावे. ज्यांना ते भाषण पहिल्यांदा कळणार नाही, त्यांना पाच मिनिटे तरी शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसल्यासारखे वाटेल. भाषांतराचे काम मी करीन. आता मला लाज वाटत नाही.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)